अर्धा एकर आणि सहा फूट पाच इंच

पत्र : माझं वय २८. कोरेगावात एका पतसंस्थेत नोकरी करते. वडील सात वर्षांपूर्वी गेले (छातीत अचानक कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं, वय ४३, तेही चांगले उंच होते). घरी आई, मी आणि धाकटा भाऊ. तो १७ वर्षांचा, बारावी सायन्सला, उंची सहा फूट पाच इंच. शाळेपासून बास्केटबॉल खेळतो, रोज एसटीने साताऱ्याला सरावाला जातो, गेल्या वर्षी राज्य पातळीवर खेळून आला. तिथे एक गृहस्थ भेटले. म्हणाले, ही उंची गावात वाया घालवू नका. अमेरिकेतल्या शाळेत एक वर्ष, मग कॉलेजची स्कॉलरशिप नक्की, पुढे प्रोफेशनल. खर्च १८ लाख, त्यातले सहा लाख महिनाअखेर भरायचे. आमची रस्त्याकडेला अर्धा एकर जमीन आहे, गिऱ्हाईकही तयार आहे. भावाने कॉलेजला जाणं बंद केलंय. म्हणतो, ताई, तू माझं आयुष्य अडवतेस. आईला वाटतं त्याला दृष्ट लागली. काका म्हणतात, गुमान पोलीस भरतीला घाला. नाही म्हटलं तर जन्मभर बोल लागेल, हो म्हटलं तर जमीन जाईल. काय करू? – एक बहीण, कोरेगाव

ताई,

घरात तू सगळ्यांचीच ताई दिसतेस, म्हणून मीही तेच म्हणते. पण वयाने माझ्या लेकीएवढी आहेस, तेव्हा अगं-तुगं करणार. राग मानू नकोस.

जमिनीबद्दल, त्या गृहस्थांबद्दल, काकांबद्दल तू भरभरून लिहिलं आहेस आणि वडिलांचं जाणं कंसात टाकलं आहेस. मी त्या कंसापासून सुरुवात करणार.

मी डॉक्टर नाही. पण मी बास्केटबॉल खेळलेली बाई आहे आणि खूप उंच मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या खेळात सगळ्यांना माहीत असायला हवी. मारफन सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक दोष असतो. त्यात माणूस उंच, सडपातळ, लांब हातापायांचा, लांब बोटांचा होतो. आणि बाहेरून काही दिसत नसताना हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, हळूहळू फुगत जाते. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. अमेरिकेची फ्लो हायमन ही व्हॉलीबॉलपटू, ऑलिम्पिकचं रौप्यपदक मिळवलेली, १९८६ साली जपानमध्ये सामना चालू असताना बाकावर बसल्या बसल्या कोसळली. तिला हा दोष आहे हे गेल्यावर कळलं. आयझाया ऑस्टिन नावाचा सात फूट एक इंचाचा मुलगा तिच्यापेक्षा नशीबवान. २०१४ साली एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगची, वार्षिक निवड चार दिवसांवर आलेली असताना तपासणीत त्याचं निदान झालं. निवड हुकली, जीव राहिला. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो युरोपात खेळलाही.

घाबरवत नाही तुला. बहुतेक उंच मुलं नुसतीच उंच असतात, आणि तुझे वडील साध्या हार्ट अटॅकने गेले असतील. पण उंच बाप ४३व्या वर्षी अचानक जातो आणि उंच मुलगा रोज उड्या मारतो, हे दोन्ही एकाच पत्रात वाचल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. साताऱ्यात हृदयरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घे. वडिलांचं कसं झालं ते डॉक्टरांना स्पष्ट सांग, आणि महाधमनीचं माप बघा म्हणावं. अर्ध्या तासाचं काम आहे. स्वतःचाही करून घे. तुझेही ते वडीलच. तोवर दृष्ट काढायची असेल तर आईला काढू दे, मीठ-मोहऱ्यांनी काही बिघडत नाही.

आता ते गृहस्थ. मी त्यांना ओळखत नाही, भले असतीलही. पण त्यांच्या बोलण्याची चाल माझ्या ओळखीची आहे : तारीख जवळची, आकडा गोल, आणि मध्ये 'नक्की' हा शब्द. खेळात कुणाचंच काही नक्की नसतं. आणि एक गोष्ट मी इतक्या वर्षांत उलटी झालेली पाहिली नाही. ज्याला खेळाडू हवा असतो तो पैसे देतो. जो पैसे मागतो त्याला गिऱ्हाईक हवं असतं.

सतनामसिंग भामरा हे नाव तुझ्या भावाला पाठ असेल. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा पोरगा, सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत शिकला आणि २०१० साली चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला, तो शिष्यवृत्तीवर. पुढे २०१७ साली एनबीएने दिल्लीजवळ अकादमी काढली. तिथल्या मुलांनाही शिष्यवृत्ती होती, आणि तिथूनच प्रिन्सपालसिंग २०२० साली एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, जी लीगमध्ये, गेला.

तरी शंकेला जागा नको. त्या गृहस्थांना फोन कर आणि वहीत लिहून घेत विचार. शाळेचं पूर्ण नाव काय, आणि आय-२० कोण देणार? आय-२० म्हणजे अमेरिकेतली मान्यताप्राप्त शाळा विद्यार्थ्याला देते तो कागद. त्याशिवाय विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. उत्तरात 'आधी टुरिस्टवर जाऊ, मग बघू' असं आलं तर फोन तिथेच ठेव. मग विचार, कॉलेज कुठल्या डिव्हिजनचं? तिथल्या कॉलेज-खेळात तीन पायऱ्या आहेत, आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. 'अमेरिकन कॉलेजात खेळणार' हे वाक्य खरं असूनही पोकळ असू शकतं, ते असं. आणि तुमची कमाई कुठून, हेही विचार. खऱ्या एजंटची कमाई खेळाडूच्या करारातून टक्क्यांनी येते, खेळाडूच्या बहिणीच्या सातबाऱ्यातून नाही. आंतरराष्ट्रीय महासंघ, फिबा, एजंटांना परवाना देतो. तो आहे का, असेल तर दाखवा म्हणावं.

सातबाऱ्यावरून आठवलं. वारस म्हणून भावाचंही नाव लागलं असेल आणि तो अजून कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, आहे. अज्ञानाच्या हिश्श्याचा व्यवहार वाटतो तितका सरळ नसतो. गिऱ्हाईक कितीही तयार असो, वकिलाला विचारल्याशिवाय विसारालासुद्धा हात लावू नकोस.

भावाच्या कॉलेज सोडण्याचा विषय तू एका ओळीत उरकला आहेस, पण त्याच्या मुद्द्याने बोललीस तर तो ऐकेल. पहिल्या डिव्हिजनच्या कॉलेजात खेळायचं तर नववी ते बारावीत भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे ठरावीक १६ विषय पूर्ण असावे लागतात. ते गुणपत्रकांवरून तपासतात, त्याच्या उडीवरून नाही. म्हणजे अमेरिकेला जाण्यासाठी बारावी सोडणारा मुलगा अमेरिकेचंच दार लावून घेतो. हे त्याला त्या गृहस्थांनी सांगितलं होतं का, एवढंच विचार. पुढचं तो स्वतःच बोलेल.

बरं, समजू या की सगळं खरं निघालं. मग? एनबीएत ३० संघ, प्रत्येकात १५ जागा. साडेचारशे माणसं, सगळ्या जगातून. दर वर्षी निवडीत जास्तीत जास्त ६० नवी नावं, त्यात दुसऱ्या फेरीतल्यांना कराराची हमी नाही. सतनाम २०१५ साली ५२वा निवडला गेला, डॅलसकडून. भारतात जन्मलेला पहिलाच. त्या दिवशी साताऱ्याच्या ग्राउंडवरसुद्धा पेढे वाटले होते, मी खाल्लेत. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. खालच्या लीगमध्ये दोन वर्षं, मग भारतात, थोडं कॅनडात. २०१९ साली उत्तेजक चाचणीत नमुना सदोष निघाला आणि दोन वर्षांची बंदी आली. आज तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्ती करतो, आपल्या तालमीतली नव्हे, टीव्हीवरची. मी त्याला अपयशी म्हणत नाही, कुणी म्हटलं तर भांडेन. फक्त पोस्टरवर ५२ हा आकडा असतो, पुढची दहा वर्षं नसतात.

त्या बंदीतून एक व्यवहाराची गोष्ट घे. जिममधला कुणी 'बॉडी भर' म्हणून डबा देत असेल तर तो घरात येऊ देऊ नकोस. सतनामच्या नमुन्यात सापडलेलं हायजेनामाइन अशा डबाबंद पुरवण्यांतही असतं, आणि लेबलावर दर वेळी लिहिलेलं असतंच असं नाही. अंडी, दूध, शेंगदाणे, उसळ. तुमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा दिल्लीपर्यंत जातो. तो घरातल्या खेळाडूने वाटीभर खाल्ला तर बिघडलं कुठे?

आता, आपल्याकडे बास्केटबॉलवर जगणारा माणूस जगतो कसा, हे सांगते, कारण ते त्याला कुणी दाखवलेलं नाही. लीग येतात नि जातात. २०१५ ला यूबीए नावाची आली, २०१७ नंतर दिसली नाही. २०२२ ला आपल्या राष्ट्रीय महासंघाने आयएनबीएल सुरू केली. चांगलंच आहे, पण त्यावर घर चालत नाही. घर चालतं नोकरीवर : रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सैन्यदल, केरळचं वीज मंडळ, पोलीस. होय, पोलीस. पंजाब पोलिसांचा संघ देशभर ओळखला जातो, तेव्हा काकांना हसू नका. चुकून का होईना, पण ते पत्त्याच्या जवळ पोचलेत.

मी स्वतः तशीच जगले. शिवाजी विद्यापीठाकडून खेळले, आणि १९८८ साली खेळाडू म्हणून एका बँकेत लागले. पहाटे साडेपाचला ग्राउंड, दहाला मस्टर. टेबलाखाली पायाशी बुटांची पिशवी. चार वाजता ती उचलली की शेजारचे कुलकर्णी घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, 'निघाल्या आमच्या पी. टी. उषा.' मी लेजर बंद करून हसत निघायचे आणि जिन्यात रडायचे. स्पर्धेला जायचं ते स्लीपरने. आमच्या बरोबरच्या पुरुष संघातला एक सहा फूट सहा इंचाचा सेंटर कायम साइड बर्थ टाळायचा, कारण गुडघे मोडूनच झोपावं लागे; आतल्या बर्थवर पाय वाटेत यायचे आणि रात्रभर चहावाल्याची किटली त्याच्या तळव्यांना चाटून जायची. सकाळी सहाला सामना, आणि समोरचा संघ आदल्या दिवशी येऊन झोपलेला.

१९९१ ला रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परतलेल्या चेंडूला, उडी मारली आणि कुणाच्या तरी पायावर उतरले. काडकन आवाज झाला. मला वाटलं बोर्ड तुटला. लिगामेंट होतं. त्या काळी आपल्या भागात त्याचं ऑपरेशन नीट कुणी करत नसे. प्लास्टर घातलं आणि सहा महिने घरी. संघात माझी जागा तिसऱ्या आठवड्यात भरली गेली, भरायलाच हवी होती. पण एक तारखेला पगार आला. पुढच्या एक तारखेलाही आला. तो गुडघा आजही पावसाळ्याची वर्दी हवामान खात्याआधी देतो, आणि तरीही त्या नोकरीवर मी दोन मुली शिकवल्या. म्हणून ती वाट मला लहान वाटत नाही. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावली, तीही रेल्वेत नोकरी करत असताना.

त्या नोकरीसाठी काय लागतं ते आत्ताच बघ. राज्य सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी कसून होते. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची हवी. 'इंटरनॅशनल इन्व्हिटेशन कप' असं सोनेरी अक्षरात छापलेला कागद तिथे रद्दी असतो. २०१५ साली तर आपल्या राष्ट्रीय महासंघातच दोन गट झाले होते. तेव्हा कागद कुणाच्या सहीचा, हे विचारायची लाज वाटू देऊ नकोस. पुढे जायचं त्या प्रत्येक स्पर्धेआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घे. प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, फाइलमध्ये ठेवा. पतसंस्थेत काम करतेस, कागद सांभाळणं तुला शिकवायला नको.

साताऱ्यात राहून भागेल का? खरं सांगते, फार दिवस नाही. आपल्या साताऱ्याचीच अदिती स्वामी २०२३ साली सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली, सराव इथे करून. पण तिरंदाजाला समोर लक्ष्य पुरतं. बास्केटबॉलला समोर आपल्यापेक्षा चांगली पाच माणसं लागतात, रोज. शाहू स्टेडियमवर त्याला अडवणारा कुणी उरला नसेल तर त्याची वाढ थांबलीच म्हणून समज. त्यासाठी अमेरिका लागत नाही. बारावीनंतर पुणे किंवा मुंबई पुरते. खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश देणारी कॉलेजं दोन्हीकडे आहेत. मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांमधल्या कोर्टांनी कितीतरी राष्ट्रीय खेळाडू दिले, भारताचे कर्णधार अब्बास मुंतासिर त्यांतलेच. सुट्टीत पंधरा दिवस तिकडे खेळून येऊ दे. मार खाईल, हरून येईल, बरं होईल. उशीर झाला असं मात्र त्याला वाटू देऊ नकोस. अमृतसरकडचा अमृतपालसिंग हा शेतकऱ्याचा मुलगा या खेळात उशिराच आला, आणि २०१७ साली सिडनी किंग्जने त्याला करार दिला. करार दिला, बरं का. फी मागितली नाही.

आणि आता खेळाडू म्हणून एक गोष्ट, ही त्याला वाचून दाखव. बाळा, साताऱ्यात तू सगळ्यांत उंच, म्हणून सरांनी तुला रिंगखाली उभा केला असणार. चेंडू वरून घ्यायचा आणि टाकायचा. पण एनबीएतली सरासरी उंचीच साडेसहा फुटांच्या आसपास आहे. तिथे तू उंच नाहीस, तिथे तू गार्ड आहेस, म्हणजे रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणारा. गार्डला दोन्ही हातांनी ड्रिबल लागतं, मान वर करून. लांबून शॉट लागतो. तुझा डावा हात कसा आहे? राष्ट्रीय संघाच्या शिबिरातही हाच प्रश्न विचारतील. सहा फूट पाच इंच तुला देवाने दिलेत, त्यात तुझं काही नाही. डावा हात तुझा तुलाच कमवावा लागेल, आणि त्याला सहा लाख लागत नाहीत.

ताई, पैसे खर्च करायचेच असतील तर बुटांवर कर. त्याच्या मापाचे बूट साताऱ्यात मिळत नसतील, मागवावे लागतील, महाग पडतील. घे. सिमेंटच्या कोर्टवर झिजलेल्या तळव्याने उड्या मारल्या की आधी घोटा जातो आणि मग गुडघा. वर्षाला दोन जोड, अर्ध्या एकरापुढे काहीच नाही.

आता, ताई, त्याच्याशी बोलायचं कसं? समोर बसवून बोलू नकोस, भांडण होईल. एखाद्या शनिवारी त्याच्याबरोबर एसटीने साताऱ्याला जा. सराव संपेपर्यंत थांब. सगळे गेले की त्याला शंभर फ्री थ्रो मारायला सांग, दमलेला असतानाच. रेषेपासून बोर्ड साडेचार मीटर, समोर कुणी अडवायला नाही, घाई नाही. तू रिंगखाली उभी राहा, चेंडू परत दे आणि मोज. पंच्याहत्तरच्या वर पडल्या तर तुझ्या भावात दम आहे आणि तुला तो मान्य करावा लागेल. पन्नासच्या खाली पडल्या तर तुला काही बोलावंच लागणार नाही. येताना स्टँडवर काहीतरी खाऊन या. जमिनीचा विषय त्याने काढला तरच काढ. आणि काढलाच, तर त्याला सांग की ती विकायची नाही, कारण गुडघा गेला तर त्याला परत यायला जागा हवी.

आधी इको. रिपोर्ट आला की मला कळव. आणि शंभरातल्या किती पडल्या, तेही.